घोडखिंड मावेल अशी पेटी: एल-बॉक्सचे दोन पावसाळे

टेबलावरचं वॉरगेमिंग, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती (फिगर्स) मांडून लढाया खेळणं, करणाऱ्यांना फिगर्स न्यायच्या बॅगा बऱ्याच मिळतात, फोमचे कप्पे असलेल्या, खांद्याला लावायच्या, हव्या तशा. पण टेरेनचं काय? टेकड्या, पडकी घरं, बुरुज, झाडं, हे सगळं घरात ठेवायचं कुठे आणि खेळायला न्यायचं कसं याचं नीट उत्तर मला बरीच वर्षं मिळालं नव्हतं. मी डोंबिवलीत राहते आणि आमचा खेळ दर महिन्या-दीड महिन्याने अंधेरीला एका मैत्रिणीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये असतो, म्हणजे आधी लोकलने घाटकोपर, मग जिने चढून मेट्रो, मग वर्सोव्याच्या दिशेने अंधेरी. गाडी नाही. जे काय न्यायचं ते हातात धरून आणि गर्दीतून. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या दृष्टीने वाचा, ज्यांच्याकडे डिकी आहे त्यांच्या अडचणी वेगळ्या.

सध्या माझ्याकडे बॉशच्या निळ्या एल-बॉक्स पेट्या आहेत, दोन २३८ नंबरच्या आणि एक १३६. म्हणजे ज्यात ड्रिल मशीन, ग्राइंडर वगैरे येतात ना त्याच. सोबत एक तापडियाची प्लास्टिकची छोटी टूलबॉक्स. दोन पावसाळे वापरून झालेत म्हणून आता खात्रीने लिहू शकते.

त्याआधी काय काय केलं ते थोडक्यात. पुठ्ठ्याचे खोके झाले, ते पहिल्याच जूनमध्ये सर्दावले आणि तळ खाली बसला. मग झाकणवाले पारदर्शक प्लास्टिकचे डबे आणले, कपड्यांसाठी वापरतात ते, त्यांचं झाकण मध्ये दबतं, वर दुसरा डबा ठेवला की खालच्या घराची चिमणी मोडलीच म्हणून समजा. मग एक अॅल्युमिनियमसारखी दिसणारी चकचकीत पेटी ऑनलाइन मागवली, स्वस्त होती, आतून काळा फोम, फोटोत एकदम दणकट. तिसऱ्या फेरीला घाटकोपरच्या पुलावर हँडलचे रिव्हेट उपटून आले, पेटी आडवी पडली, बिजागरी सुटली आणि माझा पाण्याचा टॉवर जिन्यावरून टप्पे खात खाली गेला. एका शाळकरी मुलाने धावत जाऊन तो आणून दिला, चारपैकी दोन पाय होते. ती पेटी मी परत कधी वापरली नाही.

कल्पना बाबांची. बाबा फिटर होते, आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, त्यांची पत्र्याची पाच कप्प्यांची पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे, उघडली की दोन्ही बाजूंना पायऱ्या उलगडतात ती. मी टॉवरचे पाय चिकटवत बसले होते तेव्हा म्हणाले, "अगं, ज्यांना रोज सामान घेऊन गर्दीत जायचंय त्यांची पेटी बघ ना. सुतार, एसीवाले, लिफ्टवाले. त्यांचं सामान तुझ्यापेक्षा जड आणि रोजचं." मग आम्ही दोघं एका शनिवारी नागदेवीला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मशीद बंदर स्टेशनहून किंवा क्रॉफर्ड मार्केटकडून चालत जाता येतं, अख्खी गल्ली हार्डवेअर आणि टूल्सची. मी जाताना घरून सगळ्या टेरेनची मापं कागदावर लिहून नेली होती, आणि सोबत एक टेकडी पिशवीतून. दुकानदार आधी जरा बघतच राहिला, पण बाबांनी कामाच्या भाषेत विचारलं की झाकण किती वजन घेतं, लॅच (झाकणाची कडी) बदलून मिळतं का, तेव्हा त्याने स्वतःच पेट्या काढून दाखवायला सुरुवात केली.

एल-बॉक्सची बाहेरची मापं सगळ्या सायझेसना सारखीच, ४४२ बाय ३५७ मिलीमीटर, फक्त उंची बदलते. १०२ ची ११७ मिमी, १३६ ची १५१, २३८ ची २५३ आणि सगळ्यात मोठी ३७४ ची ३८९. म्हणजे नंबर बघून उंची धरू नका, बाहेरची उंची त्याहून १५ मिमी जास्त असते. पेट्या एबीएस प्लास्टिकच्या आहेत, झाकणावर कंपनी १०० किलोपर्यंत भार सांगते. मी काही शंभर किलो ठेवून बघितले नाहीत पण लोकलमध्ये एका मावशींनी दहा मिनिटं त्यावर बसून प्रवास केला आणि आत माझी टेरेनची घोडखिंड जशीच्या तशी होती. माझ्यासाठी तेवढी टेस्ट पुरे.

खरा फायदा मात्र त्यांच्या एकमेकीत अडकण्याचा. वरची पेटी खालचीवर ठेवून दाबली की टक्कन बसते आणि मग वरच्या हँडलने दोन्ही उचलता येतात. घरी दोन २३८ आणि वर १३६ अशी उतरंड कपाटाशेजारी उभी असते, साधारण ६५ सेंटीमीटर उंच, जागा एका पेटीची. आधी टेरेनने पलंगाखालची सगळी जागा खाल्ली होती, आईचे लोणच्याचे रिकामे डबे तिथून हलवावे लागले होते ते आता परत गेले.

आता मुख्य मुद्दा. आपण काय करतो, आधी मस्त मोठी टेकडी बनवतो आणि मग ती कशात मावेल ते शोधत फिरतो. मीही तेच करायचे. पेटी घेतल्यावर कळलं की उलटं करायला हवं, आधी पेटीचं आतलं माप आणि मग त्या मापाचा डोंगर. आणि आतलं माप घ्यायचं ते तळाशी. प्लास्टिकच्या पेट्या साच्यातून सुटाव्यात म्हणून भिंती जरा तिरप्या असतात, वर रुंद आणि खाली निमुळत्या. मी पहिलं मॉड्यूल, म्हणजे टेरेनचा एक सुटा तुकडा, वरच्या मापाने कापलं आणि ते तळाच्या दीड सेंटीमीटर वरच अडकून बसलं, रंगवून झाल्यावर. करवतीने कड कापली आणि परत पुट्टी लावली. तेव्हापासून मी टेपने तळ मोजते आणि प्रत्येक बाजूने पाच मिलीमीटर फोमसाठी सोडते. माझ्या टेपने २३८ चा तळ साधारण ३७ बाय ३० सेंटीमीटर भरला, पण तुमची पेटी तुम्ही स्वतः मोजा कारण जुन्या-नव्या पिढीच्या पेट्यांत आतून फरक असतो.

यातून जे झालं ते सांगायला मला खूप आवडतं. आमचा एक खेळ घोडखिंडीचा आहे, जुलै १६६०, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे महाराज निघाले आणि मागे बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं खिंड धरून उभी राहिली, तो. २८ मिलीमीटरच्या फिगर्स, तीन फूट बाय तीन फूट टेबल, मधून चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूंना कडे. गडावरून तोफांचे बार होईपर्यंत खिंड टिकवायची, आणि तोफा कितव्या फेरीला होतील ते फाशावर ठरतं त्यामुळे कुणालाच आधी माहीत नसतं. आता यातले कडे सरळसोट उभे दाखवले तर चार ठोकळे झाले असते, सह्याद्रीचा कडा तसा दिसत नाही, थरथर असतात, खाली पसरलेला पायथा, मध्ये गवताची पट्टी, वर परत काळा कातळ. म्हणून मी प्रत्येक कडा खाली १८ सेंटीमीटर आणि वर ११ असा उतरता केला, उंची १७, लांबी ३५. असे चार. पेटीत एक सुलटा ठेवायचा आणि त्याच्या शेजारी दुसरा उलटा, उताराला उतार लागून. १८ आणि ११ मिळून २९, पेटीच्या ३० मध्ये बरोबर बसतात. मध्ये फक्त बटर पेपर. पहिल्यांदा दोन्ही असे सरकत एकमेकांत बसले ना तेव्हा मी बाबांना हाक मारून दाखवलं. दोन २३८ मध्ये दोन-दोन कडे, अख्खी ७० सेंटीमीटरची खिंड.

कडे एक्सपीएसचे आहेत, म्हणजे ती गुलाबी-निळी इन्सुलेशनची शीट, थर्माकोलसारखे मणी सुटत नाहीत आणि कटरने कातळाच्या चिरा छान निघतात. फोम नुसता तीनशे ग्रॅमच्या आसपास, वर वॉल पुट्टी आणि फेविकॉलचा लेप, रंग, खडे धरून एक कडा अर्धा किलो होतो. हातात पेटी हलकी लागते. मी तर म्हणेन टेरेनसाठी वजनाची काळजी करूच नका, आकाराची करा.

दुसरी गोष्ट, हँडलं. एल-बॉक्सला दोन असतात, एक झाकणावर आणि एक पुढे. पुढच्या हँडलने धरली की पेटी ब्रीफकेससारखी उभी होते आणि गर्दीत तेच सोयीचं वाटतं, हात आपोआप तिकडे जातो. पण पेटी उभी म्हणजे आतलं सगळं एका बाजूला घसरणार. ड्रिल मशीनला त्याचं काही नाही, त्याला साचा असतो. आपल्या टेरेनला तसा आधार आपणच द्यायचा. मी दोन गोष्टी केल्या. तळाला अर्ध्या मिलीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा टाकला, आमच्या गल्लीतल्या पत्रेवाल्याकडून मापाचा कापून घेतला आणि कडा घासून घेतल्या, चारशे-साडेचारशे ग्रॅम वजन वाढतं. आणि प्रत्येक मॉड्यूलच्या तळाशी छोटे निओडिमियमचे मॅग्नेट, ५ मिमी व्यासाचे, चार कोपऱ्यांना चार. तुकडा ठेवला की खटकन बसतो. उलट्या ठेवलेल्या कड्याचा तळ वर येतो त्यामुळे त्याला याचा उपयोग नाही, त्याच्यासाठी वर झाकणाला ईपीईचा (पॅकिंगला वापरतात तो) जाड फोम लावला जो पेटी बंद केल्यावर हलका दाब देतो. हलका म्हणजे अगदी हलका. पेटी बंद करताना जोर लावावा लागला तर फोम जास्त झालाय, काढा थोडा.

फोम चिकटवताना एक काळजी घ्या कारण यात माझा एक बुरुज गेला. रबराचा जो पिवळा-तपकिरी ॲढेसिव्ह असतो, चपलांना वापरतात त्या जातीचा, त्यातलं सॉल्व्हंट एक्सपीएस आणि थर्माकोल दोन्ही खातं. मी पेटीत फोम चिकटवून संध्याकाळी लगेच बुरुज ठेवून झाकण लावलं. सकाळी उघडलं तर बुरुजाची एक बाजू वितळल्यासारखी आत गेलेली, जिथे तो ओल्या चिकटीला टेकला होता तिथे. म्हणून फोम चिकटवलात तर पेटी दोन दिवस उघडी ठेवा, वास पूर्ण जाऊ द्या. स्प्रे पेंटचंही तेच, उघड्या एक्सपीएसवर थेट मारू नका.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण परदेशातले लोक पेट्यांबद्दल लिहितात तेव्हा हा विषयच नसतो आणि आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा आहे. पेटी पावसाचे शिंतोडे बाहेर ठेवते, घाटकोपरला उतरून पुलापर्यंत जाताना सरी आल्या तरी आत टिपूस नाही. पण जी पेटी बाहेरचं पाणी आत घेत नाही ती आतला दमटपणाही बाहेर सोडत नाही. पहिल्या जुलैत खेळ संपल्यावर हॉलमध्ये सगळं ओलसर असताना घाईघाईत भरलं, घरी आणून उतरंड लावली आणि तीन आठवडे उघडली नाही. उघडली तेव्हा कुबट वास आणि करवंदाच्या जाळ्यांवर पांढरी बुरशी. त्या जाळ्या मी काथ्याच्या आणि खऱ्या वाळलेल्या मुळांच्या केल्या होत्या, नैसर्गिक वस्तू आधी धरतात. आता घरी आल्यावर पेट्या रात्रभर पंख्याखाली उघड्या असतात आणि प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी, रंग बदलणारी केशरी, ती रंग उडाला की ओव्हनमध्ये गरम करून परत वापरता येते. मुळं वापरायच्या आधी मी भाजून घेते. दुसऱ्या पावसाळ्यात बुरशी आली नाही.

दमट हवेत अजून एक होतं, रंग चिकटतात. ॲक्रिलिक रंग आणि फेविकॉलचा थर पूर्ण वाळलेला असला तरी महिनोन्महिने दुसऱ्या पृष्ठभागावर दाबून राहिला की धरतो, आणि ओढला की पोपडा निघतो. म्हणून तो बटर पेपर. आणि रेक्झिन किंवा मऊ पीव्हीसीचं अस्तर अजिबात लावू नका, त्यातलं तेलकट द्रव्य रंगात आणि पॉलिस्टायरिनमध्ये उतरतं आणि चिकचिकाट होतो. एमडीएफची घरं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कापलेल्या कडांना आधी सीलर मारा, ३ मिलीचं एमडीएफ कडेने पाणी पितं आणि फुगतं, मग कुठलीही पेटी घेतली तरी दारं-खिडक्या परत बसत नाहीत.

१३६ ची पेटी मी किल टीमसाठी ठेवली आहे, म्हणजे वॉरहॅमर फोर्टी-के या मोठ्या वॉरगेमचा छोट्या तुकड्यांचा खेळ. तो बोर्ड २२ बाय ३० इंचाचा, आणि असे चार जोडले की फोर्टी-केचं ४४ बाय ६० चं टेबल होतं. मी ५ मिमी सनबोर्डचे सहा तुकडे केले, प्रत्येकी ११ बाय १० इंच. सहा एकावर एक म्हणजे तीन सेंटीमीटर, पेटीत आडवे बसतात आणि एका बाजूला नऊ-एक सेंटीमीटरची पट्टी मोकळी राहते त्यात ड्रम, क्रेट, बॅरिकेड जातात. बोर्डाच्या वर पाच-सहा सेंटीमीटर उंचीचे पडके भाग मावतात. दुमजली इमारती मात्र नाहीत, त्यांना २३८ च लागते. कुणी मला विचारलं की एकच घ्यायची तर कुठली, मी २३८ सांगेन, १३६ बघायला आटोपशीर वाटते पण टेरेनला उंची फार लवकर कमी पडते.

तापडियाच्या पेटीबद्दलही लिहायला हवं, आपल्या नाशिकची कंपनी. साधी हँडलवाली प्लास्टिकची टूलबॉक्स, आत उचलून काढायचा ट्रे. लांबट आणि अरुंद असल्याने बोर्ड किंवा टेकडी नाही मावत, पण झाडं उभी राहतात, सगळ्या झाडांच्या बुडाला वॉशर चिकटवून खाली मॅग्नेटची पट्टी. ट्रेमध्ये टेप, फासे, टोकन, सुपरग्लू. ही माझी सगळ्यात जास्त उघडली जाणारी पेटी आहे आणि चारही पेट्यांत किमतीच्या मानाने सगळ्यात समाधान देणारी.

डीवॉल्टची टीस्टॅक मी मित्राकडे हाताळली. तिला पेट्या जोडायला बाजूला लॅच असतात, तेही चांगलं काम करतं, आणि खोल पेटीत मोठं एकसंध घर ठेवायचं असेल तर तो तिलाच पसंती देतो. मिलवॉकीची पॅकआउट मी दुकानात उचलून बघितली, दणकट आहे, पण रिकामीच इतकी भारी लागली की जिने चढणाऱ्यासाठी नाही. गाडी असेल तर जरूर बघा. फक्त गाडीत मे महिन्यात पेटी सोडून जाऊ नका, पीएलए प्लास्टिकचे थ्रीडी प्रिंट ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात आणि उन्हात बंद गाडीत गडद रंगाची पेटी तिथवर जाऊ शकते. आमच्या ग्रुपमध्ये एकाचा पूल असा मधून वाकलाय.

मेट्रोचं विचारतात सगळे. टूलबॉक्स दिसली की स्कॅनरवर थांबवतात, हे धरूनच चला, पाच मिनिटं जास्तीची ठेवा. पेटीत कटरची पाती ठेवू नका. एकदा घाटकोपरला गार्डने पेटी उघडायला लावली, आत बघितलं, मी खाली बसून दोन्ही कडे काढून समोरासमोर ठेवले तर म्हणाला, "ताई, ही पावनखिंड का?" मी हो म्हटलं. त्याने मागच्या दोघांना बोलावून दाखवलं आणि स्वतः हाताने पेटी बंद करून दिली, लॅच दोन्ही बाजूंनी तपासून.

घ्यायच्या असतील तर नव्या पेटीमागे लागूच नका. मशीन घेतलेले बरेच कॉन्ट्रॅक्टर पेट्या तशाच पडून ठेवतात, मला तिन्ही मिळून पावणेपाच हजारात मिळाल्या, वापरलेल्या, एकीत सिमेंटचा थर होता तो साबणाच्या पाण्याने निघाला. घेताना लॅच दहा वेळा उघडझाप करून बघा, झाकण बंद करून चारही कोपरे दाबा, कुठे उचकतं का ते बघा, आणि दोन पेट्या घेत असाल तर तिथेच एकमेकींवर लावून उचलून बघा. आत तेलाचा वास असेल तर नको, तो फोममध्ये मुरतो.

पुढची पेटी ३७४ घेणार आहे, विशाळगडाच्या दरवाज्यासाठी. या वेळी पेटी आधी येईल, बाबांनी तळाचं माप घ्यायला त्यांची जुनी स्टीलची पट्टी काढून ठेवली आहे.